मंदाचे पाच लाख चाळीस हजार

दांडेपाड्यात कुणाच्या घरी किती तांदूळ शिल्लक आहेत हे एखादवेळी शेजाऱ्याला ठाऊक नसेल, पण कुणाचे पतपेढीत किती आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रोजची ठेव गोळा करणारा माणूस संध्याकाळी छोटं मशीन घेऊन दारोदार फिरायचा आणि पावती फाडली की बाकी मोठ्यानं वाचून दाखवायचा. अर्ध्या बायकांना अक्षर लागत नव्हतं म्हणून. उरलेल्या अर्ध्या शेजारणीची बाकी ऐकायला मिळावी म्हणून नेमक्या त्याच वेळी ओट्यावर भाजी निवडायला बसायच्या.

तर मंदाचे पाच लाख चाळीस हजार होते. गावात बाईच्या नावावर एवढी ठेव दुसऱ्या कुणाची नव्हती, आणि त्यामुळे गावात मंदाच्या अकलेबद्दल एक दबदबा होता. तिनं करंदी लवकर विकायला काढली की बाकीच्या विचारायच्या, भाव पडणार काय गो? तिनं छत्री घेतली की बाकीच्या वाळत घातलेले बोंबील उचलायच्या. दोनदा तर नुसतं ऊन लागतं म्हणून तिनं छत्री घेतली होती.

हे पैसे तिनं सुक्या मासळीवर जमवले होते. पहाटे रिक्षात गोणी टाकून बोईसर गाठायचं, बाजारातल्या रस्त्याकडेला पोतं अंथरायचं आणि संध्याकाळपर्यंत "मौसी, ये झींगा कैसे दिया?" ला उत्तरं द्यायची. तारापूरच्या कारखान्यांतले बिहारी, ओडिया, बंगाली कामगार हे तिचं खरं गिऱ्हाईक. गावाकडच्यांना बोंबील दहा वेळा हुंगून बघायची खोड. हे लोक दोनदा हुंगून घेतात आणि पगाराच्या दिवशी किलोनं नेतात. फक्त रस्त्याकडेच्या पोत्याला भरवसा नव्हता. गाडी आली की उठा, साहेब आला की उठा, पाऊस आला की तीन महिने घरीच बसा.

म्हणून बेटेगावच्या रस्त्यावर, कामगारांच्या चाळींच्या अगदी तोंडावर, धर्मेशशेठचा हार्डवेअरचा गाळा विकायला निघाला तेव्हापासून मंदाला धड बसता येईना. शेठ पोराकडे वापीला चालला होता. किंमत आठ लाख.

"मंदाबेन, तुमच्याकडे बघून महिना थांबलो," धर्मेशशेठ सोमवारी म्हणाला. "हा शनिवार शेवटचा. सोमवारी मोबाईलवाला टोकन घेऊन येतो. त्याला मी नाय कशाला म्हणू, मला सांगा."

"नका म्हणू. शनिवारी मी येते ना."

"पैसा घेऊन या. नुसत्या आलात तर चहा पाजीन."

महिनाभर मंदानं बोईसरच्या एका मोठ्या बँकेत खेटे घातले होते. आधार, पॅन, धंद्याची नोंदणी, गाळ्याचे कागद. तिथल्या कर्जाच्या टेबलावर सलोनी नावाची पोरगी होती, पंचविशीची, चष्मेवाली, कुणावर ओरडत नसे. पहिल्या दिवशी तिनं मंदाचं जुनं खातं संगणकावर उघडलं आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

"मंदाताई, सहा महिन्यांत दोन नोंदी आहेत. दोन्ही गॅसच्या."

"गॅसचे पैसे येतात ते त्यात. बाकी कशाला टाकू?"

"मग धंदा कुठे दिसतो?"

मंदानं पिशवीतून पतपेढीची पासबुकं काढून टेबलावर रचली. अकरा वर्षांची, रबर लावलेली, थोडी सुकटीच्या वासाची. एकही दिवस चुकलेला नव्हता. सासू गेली त्या दिवशीचेही शंभर त्यात होते.

सलोनीनं ती आदरानं चाळली. "फार छान बचत आहे. पण हे आमच्या सिस्टिमला दिसत नाही."

"सिस्टिमला नसेल दिसत. तुला तर दिसतं ना?"

सलोनी हसली, आणि त्यानंतर काम जरा सरळ झालं. आठातले चार लाख बँक देणार, पावणेदहा टक्क्यांनी. उरलेले चार मंदानं स्वतःचे आणून आधी या खात्यात दाखवायचे. मंगळवारी सलोनीनं मंजुरीचा कागद तिच्या हातात दिला. "शुक्रवारपर्यंत तुमचे चार लाख इथे आले की शनिवारी सकाळी शेठच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट." मग पासबुकांना परत रबर लावता लावता सहज म्हणाली, "आणि मंदाताई, एवढी रक्कम पतसंस्थेत एकाच जागी ठेवत जाऊ नका. बँकेत पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो. तिथे तो नसतो."

ही गोष्ट मंदाला माहीत नव्हती. ती रिक्षात बसली, उतरली, घरी आली, भाकऱ्या थापल्या, आणि सगळा वेळ विमा नसलेले पाच लाख चाळीस हजार तिच्या डोक्यात टोपलीतल्या खेकड्यांसारखे वळवळत राहिले.

खरं सांगायचं तर बँक तिला टक्क्यांसाठी हवी होतीच. पतपेढीचं कर्ज चौदा टक्क्यांचं. चार लाखांवर वर्षाला सतरा हजारांचा फरक, म्हणजे चांगल्या बोंबलांच्या दोन गोणी फुकट. पण त्याहून हवी होती ती वेगळ्याच कारणासाठी. त्या बँकेत तिला कुणी ओळखत नव्हतं. तिथे ती कुणाची वहिनी नव्हती, कुणाची सून नव्हती. तिच्या नवऱ्यानं, नवशानं, मागच्या होळीला पिऊन काय तमाशा केला होता ते तिथल्या शिपायालाही माहीत नव्हतं.

नवशा दारात जाळं शिवत बसला होता. "काय करायचं?" तिनं विचारलं.

"तू बघ," नवशा म्हणाला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि घरातले सगळे मोठे निर्णय त्यानं याच दोन शब्दांत घेतले होते.

बुधवारी सकाळी ती पतपेढीत गेली. 'दर्यासागर' पतपेढीचा सचिव कृष्णकांत गावातलाच, चाळिशीचा, गोड बोलणारा. कर्ज नाकारतानासुद्धा माणसाला आधी चहा पाजणारा.

"बसा वैनी. चहा?"

"चहा नको. माझे सगळे पैसे काढायचेत. चेक दे, बोईसरच्या ब्यांकेत टाकायचाय."

कृष्णकांतचा हात चहावाल्याला हाक मारायला वर गेला होता तो तसाच खाली आला. त्यानं एक जाड वही काढली, पान शोधलं, आणि वही तिच्याकडे फिरवली. तिथे एकनाथचं, मंदाच्या धाकट्या दिराचं, नाव होतं. बोटीच्या इंजिनाचं कर्ज. पाच हप्ते थकलेले, प्रत्येकी बावीस हजार. एक लाख दहा हजार. खाली जामीनदार दोन: रामनाथ आणि मंदा.

"मी कधी झाले जामीन?"

"आमच्या हिमानीच्या हळदीला, वैनी."

आता हे समजायला दांडेपाड्याची रीत ठाऊक हवी. बोटी समुद्रात असल्या की गावात माणूस सापडत नाही. भांगाचे दिवस आले, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर उतरला, की बोटी किनाऱ्याला लागतात, आणि मग लग्नंही त्याच दिवसांत. कर्जाच्या कागदाला दोन जामीनदार, दोन साक्षीदार आणि कर्जदार एका वेळी हवेत. ते एका वेळी सापडणार कुठे, तर हळदीच्या मांडवात. म्हणून सचिव आहेराच्या पाकिटाबरोबर कर्जाचे अर्जही घेऊन यायचा, वाजंत्री थांबली की जेवणाच्या पंगतीतच सह्या उरकायचा. जामीन राहणं हाही आहेरच. आज मी तुझ्या कागदावर, उद्या तू माझ्या. कोण कुणाच्या कागदावर आहे हे कुणी मोजत नसे, आणि सगळ्या गावाची बाकी बोटांवर मोजणाऱ्या मंदानंही मोजलं नव्हतं. हळदीनं माखलेल्या हातानं तिनं सही ठोकली होती आणि लगेच नाचायला गेली होती.

"बरं. झाले जामीन. पण दुसरा जामीन रामनाथ हाय ना? त्याला विचारलंस?"

कृष्णकांतनं वही हळूच मिटली. "रामनाथदादा संचालक हायत, वैनी."

"म्हणजे संचालक झाला की सही पुसली जाते काय?"

"तसं नाय. पण तुमची ठेव मोठी. नियमानं जामीनदाराची सगळी ठेव अडकते. माझं ऐका. एकनाथचे एक लाख दहा भरून टाका तुमच्यातनं. बाकीची ठेव मोकळी. वर चार लाख कर्ज उद्या दुपारी हातात. कागद नकोत, सिस्टिम नको. फक्त दोन जामीनदार."

"चौदा टक्क्यांनी."

"आपली संस्था हाय, वैनी."

मंदा उठली. ती थेट किनाऱ्याला एकनाथच्या बोटीपाशी गेली. एकनाथ तेलकट हातांनी इंजिनाच्या पोटात शिरला होता.

"भावजी, एक लाख दहा हजार."

एकनाथ बाहेर आला नाही. आतूनच म्हणाला, "वैनी, मासळी हाय काय दर्यात? डिझेलला पैसे लागतात ते तरी सुटतात काय? होळीनंतर भरतो."

"कुठल्या होळीनंतर, ते पण सांगा."

आतून पान्हा पडल्याचा आवाज आला, आणि तेच उत्तर समजायचं होतं.

दुपारी ती वाळवणाच्या मैदानात आली. बांबूंवर बोंबील टांगलेले, खाली जवळा पसरलेला, आणि बायका जवळ्यातून काड्या वेचत होत्या. मंदा खाली बसली, उठली, पुन्हा बसली. शेजारच्या सुलूनं विचारलं, "काय गो, मुंग्या चावतात काय?"

इथे मंदाचं तोंड सुटलं. "माझेच पैसे मला देत नाय तो कृष्णकांत! आणि वर पतपेढीतल्या पैशाला विमा पण नाय म्हणे. ब्यांकेतली मॅडम बोलली."

दोन्ही वाक्यं खरी होती. मंदाला फक्त एक आठवलं नाही, की आपण छत्री घेतली तरी लोक बोंबील उचलतात.

गुरुवारी सकाळी साडेनवाला पतपेढीच्या बंद शटरसमोर चाळीस बायका होत्या. दहाला साठ झाल्या. कुणाच्या हातात पासबुक, कुणाच्या हातात पासबुक आणि नातू. मंदाला हे कळलं ते रिक्षाच मिळेना म्हणून; रिक्षावालेही रांगेत उभे होते.

ती रिक्षासाठी नाक्यावर ताटकळली असतानाच कृष्णकांत मागच्या गल्लीनं धावत आला. शर्टाची वरची गुंडी खालच्या काजात होती.

"वैनी, घरात चला."

घरात नवशा जाळं शिवत होता. त्यानं कृष्णकांतकडे पाहिलं, जाळं उचललं आणि मागच्या पडवीत गेला.

"काय केलंत हे, वैनी? मंदा पैसे काढते म्हणजे संस्था बुडाली, असं चाललंय बाहेर."

"बुडाली काय?"

"नाय हो!"

"मग आकडे सांग. तोंडानं नको, लिहून."

कृष्णकांतनं ठेवीच्या पावतीच्या मागे लिहिलं. तिजोरीत रोख तीन लाख सत्तर हजार. पालघरच्या बँकेतल्या चालू खात्यात साडेचार लाख. तिथेच मुदत ठेवीत बावीस लाख, पण ती मोडून हातात यायला सोमवार. बाहेर रांगेतल्या बायकांची सगळी मिळून ठेव एकोणीस लाखांच्या आसपास. मंदानं आकडे दोनदा पाहिले आणि बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजलं. संस्था बुडालेली नव्हती. फक्त सोमवारपर्यंत तिचे हात रिकामे होते, आणि रांग आज उभी होती.

"आणि मुदत ठेव खरंच हाय कशावरून?"

त्यानं फोनवर बँकेचा कागद दाखवला. तारीख, शिक्का. मंदानं बोटांनी मोठा करून बघितला.

"मग सांग सगळ्यांना, सोमवारी या."

"माझं कोण ऐकतो? पंधरा वर्षं मी सगळ्यांना 'सोमवारी या' हेच सांगतोय. तुमी बोललात तर ऐकतील." त्यानं घाम पुसला आणि आवाज खाली आणला. "ऐका. एकनाथपायी एक लाख दहा फक्त अडकवून ठेवतो, कापत नाय. ते तुमचेच राहतात. बाकी चार लाख तीसचा चेक आत्ता लिहितो, पालघरच्या खात्यावर. रामनाथदादाची सही आणलीय."

"रामनाथ सही करायला बरा सापडला."

"वैनी!"

"त्या खात्यात साडेचार लाख हायत. माझे गेले की वीस हजार उरतील. ते पैसे दुपारी आणून रांगेला द्यायचे होते ना तुला?"

कृष्णकांतनं पेनाचं टोपण काढून परत लावलं. मग म्हणाला, "होय. ते तुमचे, नायतर त्यांचे. पण तुमी नुसतं येऊन उभ्या राहिलात ना, तर त्यांना आज लागणारच नायत."

शुक्रवारपर्यंत चार लाख बोईसरला. शनिवारी गाळा. आणि समोर चेकबुक उघडलेलं. तिनं पाणी प्यायलं. आत गेली, बाहेर आली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, जसा काही तिथे तिच्यासाठी निरोप लिहिला होता.

"लिही," ती म्हणाली. "चार लाख तीस. अक्षरात पण लिही, नीट."

चेक तिनं चोळीत ठेवला आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. कृष्णकांत मागच्या दारानं गेला.

पतपेढीसमोर पोचेपर्यंत रांगेची गर्दी झाली होती. शटर अर्धं वर गेलेलं, आत कारकून धीरज पाच-पाच हजार देत होता आणि प्रत्येकीशी भांडत होता. मंदा आली तशी गर्दी फाटली. सगळ्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"सोमवारी पालघरचे पैसे येतात," मंदा मोठ्यानं म्हणाली. "बावीस लाख. मी कागद बघून आले. ज्याला पायजे त्याला सोमवारी सगळे मिळतील. आज उन्हात कशाला मरताय?"

कुजबुज झाली. पण रांग हलली नाही. मग पुढून, अगदी खिडकीला नाक लावून उभी असलेल्या गोदूबाईनं मान वळवली. गोदूबाई सत्तरीची, विधवा, वाकलेली. पतपेढीत तिचे ऐंशी हजार. तेवढेच.

"मंदे," गोदूबाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ते सोमवारचं राहू दे. तुझे पैसे तू ठेवलेस ना गो इथं?"

साठ बायकांच्या माना मंदाकडे वळल्या. कडेवरच्या एका नातवानंही रडणं थांबवलं.

चोळीतला चेक मंदाला टोचला. हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर दुपारपर्यंत शटर उखडलं जाईल, आणि सोमवार उजाडायच्या आत बावीस लाख असूनही संस्था बुडेल. मंदा आयुष्यात बोंबलाच्या वजनात कधी खोटं बोलली नव्हती. फार तर ओले असताना तोलले होते.

"एक लाख दहा हजार ठेवलेत," ती म्हणाली. "आत वहीत हायत बघ, माझ्या नावावर."

आणि हे खरं होतं. अक्षरन् अक्षर खरं होतं.

"एक लाख दहा!" मागून कुणीतरी म्हणालं. "आणि आमी पंधरा हजारांसाठी उभ्या."

गोदूबाईनं मंदाकडे क्षणभर पाहिलं. मग खिडकीपासून मागे सरली, पासबुक पदराला बांधलं आणि म्हणाली, "मग माझे पण राहू देत. चला गो, जवळा करपेल."

ती गेली तशा तिच्या मागच्या दोघी गेल्या. मग सुलू गेली. अर्ध्या तासात खिडकीपाशी सात जणी राहिल्या, त्यांतल्या तिघी भांडणाच्या गोडीनं. रिक्षावाले रांगेतून निघून रिक्षांत बसले, आणि त्यांतल्या पहिल्या रिक्षातून मंदा बोईसरला गेली.

चेक टाकला. सलोनी म्हणाली, "वेळेत आणलात." मंदा म्हणाली, "हो." तिला स्वतःचा आवाज अनोळखी वाटला.

शुक्रवारी तिनं बाजारात दोन गिऱ्हाइकांना चुकीचे सुट्टे दिले, दोन्ही वेळा जास्त. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. संध्याकाळी फोनवर मेसेज आला, चार लाख तीस हजार जमा. त्यातले तीस हजार मालासाठी, चार लाख गाळ्यासाठी. सगळं नेमकं जुळत होतं. तिनं तो मेसेज नवशाला दाखवला. नवशानं वाचला आणि म्हणाला, "बरं झालं." सव्वीस वर्षांत हे दुसरं वाक्य.

शनिवारी धर्मेशशेठनं ड्राफ्ट उजेडात धरून बघितला, किल्ली दिली आणि चहाही पाजला. "मंदाबेन, मला वाटलं नव्हतं." गाळ्यात हार्डवेअरचा वास होता, भिंतीवर खिळे होते. समोरच्या चाळीतून एक ओडिया पोरगा आला, "मौसी, दुकान तुम्हारा है?" विचारून गेला. मंदानं त्याला हो म्हटलं, आणि लगेच मनात हिशेब केला, सोमवारी पालघरहून पैसे आले नाहीत तर काय. तो हिशेब तिला रविवारभर पुरला.

सोमवारी ती गाळ्यावर जायच्या ऐवजी सकाळी नवालाच पतपेढीसमोर येऊन उभी राहिली. तिला फक्त बघायचं होतं, पैसे येतात का. पण पाच मिनिटांत तिच्यामागे तीन बायका येऊन उभ्या राहिल्या.

"मंदा उभी हाय म्हंजे..." एक म्हणाली.

"मी नाय उभी रांगेत!" मंदा ओरडली आणि समोरच्या पिंपळाखाली जाऊन बसली. तिघीही तिच्यामागे पिंपळाखाली येऊन बसल्या.

साडेदहाला पालघरहून गाडी आली. कृष्णकांत पेटी घेऊन उतरला, आज सगळ्या गुंड्या नीट लावून. खिडकी उघडली, पैसे मिळायला लागले. मिळतात हे दिसल्यावर घेणारे थोडेच निघाले. पिंपळाखालच्या तिघींनी पाच-पाचशे काढले, लाज वाटू नये म्हणून. मंदाच्या छातीवरचा चार दिवसांचा दगड उतरायला लागला.

तेवढ्यात गोदूबाई काठी टेकत आली आणि तिच्याशेजारी बसली. खिडकीकडे गेलीच नाही.

"काकी, काढायचे नायत?"

"कशाला? हायत ना तिथं. तू बोललीस." गोदूबाईनं पान काढलं, चुना लावला. "पाच लाख चाळीस होते तुझे. कालपरवापर्यंत तो मशीनवाला ओरडून सांगायचा. त्यातले एक लाख दहा ठेवलेस, मग बाकीचे?"

"काकी, तेव्हाच कळलं तुला?"

"मला अक्षर येत नाय. आकडा येतो. बाकीच्यांनी एक लाख ऐकला, तेवढ्यानंच त्यांचं भागलं."

"मग बोलली का नायस?"

"मी बोलले असते तर माझे ऐंशी हजार गेले असते. सगळ्या खिडकीवर पडल्या असत्या. तू अर्धं बोललीस, ते पुरलं. उरलेलं अर्धं मी गिळलं." तिनं पान तोंडात टाकलं. "ते काय फुकट गिळायचं?"

मंदानं तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ती या म्हातारीला पैशातलं काही कळत नाही म्हणून तिचा हिशेब करून देत आली होती.

"काय पायजे, काकी?"

"तुझा गाळा झाला म्हणतात. कामगारांच्या चाळीसमोर."

"झाला."

"त्याच्या पायरीवर माझी एक टोपली. सुकट आणि मांदेली. तुझ्या बोंबलाला धक्का नाय."

"भाडं?"

गोदूबाई हसली. तिचे चारच दात होते आणि चारही लाल. "भाडं काय गो विचारतेस? तू मला विचारलंस काय, गुरुवारी, गिळायचं काय घेशील?"

मंदानं मनात मांडलं. त्या रस्त्यावर टोपलीची जागा दिवसाला शंभराला जाते. महिन्याचे तीन हजार, वर्षाचे छत्तीस हजार. बँकेनं टक्क्यांत वाचवले होते सतरा. म्हणजे एकोणीस हजारांचं नुकसान, आणि म्हातारीची तब्येत बघता ती दहा वर्षं तरी हलायची नाही.

"पावसाळ्यात पण?" तिनं विचारलं.

"पावसाळ्यात तर आतच बसेन. म्हातारं माणूस, भिजू काय?"

खिडकीतून कृष्णकांतनं हाक मारली, "वैनी, चहा घेता काय?" मंदानं हातानं नको म्हणून सांगितलं आणि उठली. पहिल्या दिवशीच गाळा उघडायला उशीर झाला होता.

"उद्या सहाला नाक्यावर ये," ती गोदूबाईला म्हणाली. "आणि रिक्षाचे तुझे तू दे."

"निम्मे," गोदूबाई म्हणाली.